सोळावर आली की थरथर

"धरून बस गं," आबा म्हणाले आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला.

पन्हाळ्याहून कोल्हापूरकडे येताना वाघबीळच्या अलीकडचा उतार. सकाळचे साडेसहा, रस्त्यावर दुधाचे टेम्पो सोडले तर कोणी नाही. पहिले काही क्षण गाडी शहाण्यासारखी मंदावत गेली. मग स्टिअरिंगचं ते भलंमोठं चाक आबांच्या हातात थरथरायला लागलं. बघता बघता थरथर मडगार्डांत उतरली, दिव्यांत शिरली, रेडिएटरच्या टोपणावरची पुढे झुकलेली पंखवाली बाई एकाची दोन दिसायला लागली. पायाखालच्या फळ्या तडतडत होत्या. तीन-चार सेकंद हा प्रकार चालला आणि आपसूक विरला. सुटलो म्हणेस्तोवर, गाडी उभी राहता राहता, मानेला एक गचका बसला.

"झालं दर्शन?" आबा म्हणाले. "दोन वर्षं हे असंच चाललंय."

आबा माझ्या वडिलांचे मित्र. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, तीही जुनीच: १९३४ची रोल्स-रॉइस, ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह. डर्बीच्या कारखान्यात हे मॉडेल १९२९ ते १९३६ या काळात बनलं. सहा सिलिंडरचं ३६६९ सीसीचं इंजिन. कंपनी तेव्हा नुसती चासी, म्हणजे चाकं-इंजिनासकट सांगाडा, द्यायची. अंगावरचा साज ज्याने त्याने आपल्या आवडीच्या बॉडीवाल्याकडून चढवून घ्यायचा. त्यामुळे एका मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या बहिणी वाटतीलच असं नाही. आबांची जरा अंगाने भरलेली आहे, म्हणजे ब्रेकना काम जास्त.

मी पुण्यात कंपनाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गाडी का थरथरते हे शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण माझ्या हाताखालून जातात त्या परवा जन्मलेल्या गाड्या. या म्हातारीला हात लावायला मी खरं तर कचरत होते. आबांनी फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी. मुंबईच्या एका गॅरेजने त्यांचे पुढचे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे पोकळ डबे, दोनदा लेथवर आतून कातून दिले होते. दोन्ही वेळा महिना-दोन महिने बरे गेले आणि दुखणं परत. आता तिसऱ्यांदा ड्रम घ्यायला सांगत होते. "घेऊ का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी म्हटलं, थांबा, आधी बघते. ड्रम लेथवर चढवला की त्याच्या भिंतीतून धातू जातो आणि गेलेला धातू परत येत नाही. नव्या गाडीचा ड्रम फेकून दुसरा बसवता येतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या गाडीचा ड्रम फेकला तर तो इंग्लंडातून मागवायचा, नाहीतर पॅटर्न करून ओतून घ्यायचा, आणि दोन्हींत आबांच्या शेताचा एक तुकडा जाणार.

या गाड्यांच्या ब्रेकविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आज आपल्याला चारही चाकांना ब्रेक ही गोष्ट सांगण्याजोगीही वाटत नाही. पण १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी ६२० मैलांची, घाटवाटांची चाचणी झाली, त्यात रोल्स-रॉइसची एक सिल्व्हर घोस्ट उतरली होती (पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली), तिच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. आमचे घाट बघितले की त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात हात जोडावेसे वाटतात. रोल्स-रॉइसने पुढचे ब्रेक द्यायला सुरुवात केली ती १९२४-२५मध्ये, आणि ती करताना हिस्पानो-सुइझा या मोटार कंपनीच्या मार्क बिर्किग्टची युक्ती परवाना काढून घेतली. बिर्किग्टने ती १९१९मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आपल्या एच-सिक्स गाडीत दाखवली होती.

युक्ती अशी: गिअरबॉक्सच्या कुशीला एक छोटा क्लच. गाडी चालत असली की त्याची एक चकती सावकाश फिरत असते. पेडल दाबलं की दुसरी चकती तिच्यावर दाबली जाते, फिरणारी चकती तिला ओढू बघते आणि ती ओढ दांड्यांमधून ब्रेकपर्यंत जाते. म्हणजे गाडी थांबवायला गाडीचीच ताकद वापरायची. पायाचा थोडा जोर थेट मागच्या ब्रेकना जातो, मोठं काम हा सर्व्हो करतो. ना तेल, ना व्हॅक्यूम. गाडी उभी असेल तर मात्र सर्व्हो गप्प, चाकं फिरली की जागा. चढावर उभी केलेली २०/२५ मागे सरकायला लागली की पेडलला पहिल्यांदा काहीच जोर वाटत नाही आणि नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. जरा सरकली की मग पकडते. उलटीकडेही पकडते, हे त्या यंत्राचं मोठेपण.

या रचनेत थरथर कुठून येऊ शकते? ड्रमचं भोक गोल नसेल, ड्रमला आतून दाबणाऱ्या शूवरचा घर्षणाचा पट्टा, म्हणजे लायनर, ड्रमला नीट टेकत नसेल, त्यावर तेल आलं असेल, सर्व्होच्या चकत्या खराब असतील, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिन ढिल्या असतील, पुढचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर घट्ट बसलेला नसेल. सगळ्यांचं लक्षण एकच, हातात थरथर. म्हणून आपल्याकडे पहिल्या झटक्याला ड्रम काढून लेथवर चढवतात. ते दिसतं, बिल करता येतं, गिऱ्हाइकालाही काहीतरी झाल्यासारखं वाटतं.

मी आधी मोजायचं ठरवलं. फोनमध्ये कंपनं टिपणारं ॲप असतं, तो फोन स्टिअरिंगच्या खांबाला चिकटपट्टीने बांधला. वाड्याच्या चौकात पुढच्या टायरवर खडूची खूण केली, गाडी ढकलून एक फेरी पूर्ण केली आणि फरशीवर टेपने मोजलं: २.४ मीटर. आता गाडीचा वेग कळला की चाक सेकंदाला किती फेऱ्या घेतं ते निघतं, आणि थरथर एका फेरीत किती वेळा होते तेही. फेरीत एकदा म्हणजे ड्रम मध्यातून सरकलेला. दोनदा म्हणजे लंबगोल. फेरीशी नातंच नसेल तर गुन्हेगार चाकाच्या बाहेरचा. आमच्या धंद्यातली ही बाराखडी.

त्या उताराने पुन्हा गेलो. आबा चालवत होते आणि काट्यावरचा आकडा ओरडत होते, मी वहीत वेळ टिपत होते. "तीस! पंचवीस! वीस!" आणि नेमकं "सोळा!" म्हणाले तेव्हा सगळ्यात जोराचा दणका. घरी येऊन आलेख बघितला, तिथे सेकंदाला ९ हेलकावे. आकडेमोड केली. एका फेरीत ४.९.

म्हणजे पाच? पाच कोपऱ्यांचा ड्रम? रात्री अकरापर्यंत मी त्या पाचांशी झटत बसले. चाकाला पाच काय आहे, हबला पाच काय आहे, बेअरिंगमध्ये पाच काय आहे. शेवटी आबांच्या सौ.नी दुधाचा पेला आणून ठेवला आणि सहज म्हणाल्या, "ह्यांना कितीदा सांगितलं, गाडीत बसलं की मैलांत बोलू नका. पोरं घाबरतात."

काटा मैलांचा होता. सोळा मैल म्हणजे जवळजवळ २६ किलोमीटर. पुन्हा मांडलं: चाकाच्या सेकंदाला ३ फेऱ्या, हेलकावे ९. एका फेरीत तीन.

आता तीनने मला जास्तच बुचकळ्यात टाकलं. पण दुसऱ्या दिवशी निदान दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या. गाडी न्यूट्रलमध्ये ब्रेकविना त्याच वेगातून उतरवली. काही नाही, लोण्यासारखी. म्हणजे टायर आणि तारांची चाकं निर्दोष. मग नुसत्या हँडब्रेकने थांबवली. या गाडीत हँडब्रेकचे शू वेगळे असतात, पण दाबतात मागच्याच ड्रमला आतून. तरीही काही नाही. म्हणजे मागचे ड्रम सुटले. राहिले पुढचे. हे दोन प्रयोग करायला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. दोन वर्षांत कोणी ते केले नव्हते.

शिवाजी उद्यमनगरमध्ये आबांच्या ओळखीचे एक टर्नर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, लेथ त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. मी वही घेऊन गेले, तीनची गोष्ट सांगितली. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसायला लागले.

"तीन म्हनतीस? मग त्यात काय कोडं हाय? तीन जबड्याच्या चकात धरला असंल त्येनं."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. चक म्हणजे लेथवर वस्तू आवळून धरणारा पंजा. ड्रमची भिंत पातळ. ती बाहेरून तीन जबड्यांत आवळली की तीन ठिकाणी आत दबते. त्या अवस्थेत आतून कापलं की भोक अगदी गोल होतं. जबडे सैल केले की भिंत परत बाहेर उसळते आणि गोल भोक तीन कोपऱ्यांचं होतं. लेथवर मापलं तर गोल, गाडीवर चढवलं की त्रिकोणी. दुसऱ्या वेळी भिंत आणखी पातळ, म्हणून आणखी दबली. इलाजच रोग होता.

"काढू या का मग ड्रम?" मी विचारलं.

"आदी खालनं बघू," अण्णा म्हणाले. "ढोल वाजवनारा एक असतो, पर नाचनारा दुसराच असतो."

गाडी स्टँडवर घेऊन अण्णा खाली सरपटत गेले. तिथून आवाज आला, "पोरी, सतराचा पाना दे... न्हाई न्हाई, ह्यो विलायती. त्या डब्यातला दे." पुढचा ॲक्सल पाट्यांना ज्या यू-बोल्टांनी आवळलेला असतो त्यांचे नट डाव्या बाजूला दीड फेरी फिरले. दीड फेरी! म्हणजे ब्रेक लागला की ॲक्सल पाट्यावर जरासा डुलत होता. ब्रेक चाकाला थांबवतो तेव्हा चाक ॲक्सलला पुढे गुंडाळू बघतं. ते थोपवणारे फक्त ते पाटे आणि ते बोल्ट. मग त्यांनी शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्या हाताने हलवून बघितल्या. ते त्या काळचे तेलाचे, दांडीवाले. उजवी दांडी हट्टी म्हशीसारखी अडून बसली, डावी देवळातल्या घंटेसारखी झुलली. आत तेलाचा थेंब नव्हता.

आता चित्र जुळलं. ॲक्सल, चाकं आणि पाटे मिळून एक झोका असतो, त्याचा स्वतःचा एक ठेका. या गाडीत तो सेकंदाला ९च्या आसपास. ड्रमचे तीन कोपरे प्रत्येक फेरीत तीन धक्के देतात. चाळीस किलोमीटरला ते धक्के सेकंदाला चौदाच्या आसपास, झोक्याशी जुळत नाहीत. गाडी मंदावत सोळा मैलांवर आली की बरोबर नऊ होतात. झोक्याला नेमक्या वेळी ढकलल्यासारखं. मग आणखी मंदावली की ठेका सुटतो आणि थरथर विरते. आणि झोका धरून ठेवायला जो डँपर, म्हणजे तो शॉक ॲब्सॉर्बर, असतो तोच कोरडा.

यू-बोल्ट आवळले, डँपरची सील बदलून तेल भरलं, डाव्या किंगपिनमध्ये फट भरायला पातळ चकती, शिम, टाकली. ड्रमला कोणी बोटही लावलं नव्हतं. परत वाघबीळ. आलेखातलं ते शिखर अर्ध्याहून खाली आलं होतं. आबा उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून आले, काही बोलले नाहीत, फक्त बॉनेटवर दोनदा थोपटलं.

मला वाटतं, मुंबईच्या कामानंतर दोन महिने बरे जायचे त्याचं कारणही यात आहे. नवा लायनर सुरुवातीला ड्रमला मधल्या पट्ट्यातच टेकतो, ब्रेक जरा बोथट लागतो, धक्केही बोथट. चालून चालून लायनर बसतो, ब्रेक धारदार होतो आणि कोपरे बोचायला लागतात.

मग ड्रमचा दिवस उजाडला. अण्णांनी हबसकट ड्रम उतरवला, वेगळा केला नाही. हबच्या आत बेअरिंगच्या ज्या बैठका असतात त्यांच्या मापाचा एक दांडा, मँड्रेल, त्यांनी आदल्या दिवशी कातून ठेवला होता. गाडीत ड्रम ज्या आसावर फिरतो त्याच आसावर लेथमध्ये फिरवायचा. बाहेरच्या कडेला काही टेकवायचं नाही. डायल गेजचं टोक ड्रमच्या आत लावलं, मला खडू दिला. "घड्याळागत बारा खुणा कर." मी बारा रेघा मारल्या. ते हाताने एकेक खूण पुढे घेत आकडा सांगत होते, मी ड्रमच्या बाहेरच्या अंगावर खडूने लिहीत होते. शून्य, चार, सात, चार. शून्य, तीन, सात, चार. एक, चार, सहा, तीन. थाऊमध्ये, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. तीन वेळा वर, तीन वेळा खाली. आलेखाने सांगितलेलं डोळ्यांपुढे सुई हलवून सांगत होती.

अण्णांनी मग ओल्या फडक्याने ड्रमची बाहेरची बाजू पुसली. जिथे मी सात, सात आणि सहा लिहिलं होतं तिथे, रंगाखाली, तीन चपटे डाग होते. बोटाच्या पेराएवढे. जबड्यांचे.

मी फोटो काढला. आबा म्हणाले, "त्या गॅरेजला पाठवू का?" अण्णा म्हणाले, "कशापायी? बिल परत देनार हाय का त्यो?" तो विषय तिथेच संपला.

उजव्या ड्रमला तीन थाऊच निघाले, त्याची भिंत अजून जाड होती. अण्णांनी त्याला हात लावायला साफ नकार दिला. डाव्याला मात्र कापणं भागच होतं. अण्णांनी आधी भिंतीची जाडी सहा ठिकाणी मोजली, मग हत्यार लावलं. एका वेळी दोन थाऊ, त्याहून जास्त नाही. चौथ्या फेरीला आतला पृष्ठभाग सगळीकडून सारखा उजळला आणि त्यांनी लगेच हात काढला. "गुळगुळीत दिसतंय म्हनून आनखी एक फेर मारायचा मोह हुतो बघ. त्यो मारायचा न्हाई." आठ थाऊ गेले. त्या आठांसाठी मला अजून हळहळ वाटते. पहिल्याच वेळी नीट धरला असता तर ते वाचले असते.

लायनरचं काम कंटाळवाणं, पण त्यातच अर्धा ब्रेक असतो. जुना लायनर ॲस्बेस्टॉसचा असायची शक्यता होती, म्हणून तो हवेच्या झोताने साफ करायचा नाही, पाणी मारून ओला करूनच काढला आणि पिशवीत बांधला. या लायनरच्या धंद्याचा आद्य पुरुष हर्बर्ट फ्रूड. त्याने १८९७मध्ये हा धंदा सुरू केला, पुढे कारखाना डर्बीशरमधल्याच चॅपल-एन-ल-फ्रिथ गावी थाटला आणि नावातली अक्षरं फिरवून, त्यात बायकोच्या नावातलं एक घालून 'फेरोडो' केलं. उतारावरचे गाडीवाले लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात हे बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. नवा विणलेला, ॲस्बेस्टॉस नसलेला लायनर आम्ही पितळी रिव्हेटांनी शूवर बसवला. रिव्हेट मधून सुरू करून कडेकडे जायचे, म्हणजे लायनर पोटाशी फुगत नाही. डोकी चांगली खोल बुडाली पाहिजेत.

मग खडू. ड्रमच्या आत सगळीकडे खडू फासायचा, शू हाताने आत धरून थोडा फिरवायचा, बाहेर काढून बघायचं. पांढरं लागलं तिथे टेकतंय, काळं राहिलं तिथे नाही. पांढरं तेवढं कानशीने घासायचं. परत खडू. पहिल्यांदा फक्त मधली दोन बोटं पांढरी. ड्रम आठ थाऊंनी मोठा झालेला, शूचा बाक जुनाच. सातव्या-आठव्या वेळी पांढरं दोन्ही टोकांपर्यंत पोचलं. दोन्ही टोकांच्या कडा तिरप्या उतरवल्या, नाहीतर पुढची कड ड्रमला चावते आणि ब्रेक किंचाळतो. एका बाजूचे दोन शू करायला मला सबंध दुपार लागली. अण्णांनी तेवढ्याच वेळात उरलेले दोन करून, चहा पिऊन, एका पोराला शिव्या घालून घेतल्या होत्या.

गाडी जोडून परत उतारावर गेलो. सोळा आलं आणि गेलं. आबांनी माझ्याकडे बघितलं, मी फोनकडे. आलेखात नऊवर एक टेकाड उरलं होतं, पण हाताला कळेलसं नाही.

शेवटचा गचका मात्र तसाच होता.

तो गचका मी पहिल्यापासून थरथरीचंच शेपूट समजत होते. मागचे सगळे आलेख काढून शेवटचे दोन मीटर तेवढे मोठे करून बघितले. तिथला ठेका चाकाच्या फेरीपेक्षाही मंद होता. चाकापेक्षा सावकाश फिरणारी आणि ब्रेकशी संबंध असलेली एकच वस्तू या गाडीत आहे. सर्व्हो. दोन रोग होते आणि एकाच्या आड दुसरा लपला होता.

पुढच्या सीटखालच्या फळ्या काढल्या. सर्व्होचं झाकण निघालं तेव्हा अण्णांनी आधी बघितलं नाही, वास घेतला. "गेर आइल." चकतीवरचा लायनर काळा, चकचकीत, तोंड दिसेल असा. गिअरबॉक्सचं तेल शाफ्टच्या कडेने झिरपून इथे येत होतं. आलंच तर खाली गळून जावं म्हणून या गाडीत एक भोक आहे. ते मळीने गच्च बुजलेलं. आणि तेल एवढं यायचं कारण गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी काढल्यावर कळलं. कोणीतरी प्रेमाने तेल खुणेच्या दोन बोटं वर भरून ठेवलं होतं.

तेलकट लायनरचा स्वभाव असा की वेगात तो घसरतो आणि अगदी सावकाश फिरताना एकदम चिकटतो. घसरतो, चिकटतो, घसरतो, चिकटतो. म्हणून गाडी थांबताना गचका. काही जण तो पेट्रोलने धुऊन, तापवून परत वापरतात. आम्हीही एकदा धुतला. वाळत ठेवला तर दोन तासांत तेल पुन्हा वर आलं, वांग्याच्या भरतावर येतं तसं. मग क्लचप्लेटला लायनर चिकटवणाऱ्या एका कारागिराकडून चकती नव्याने करून घेतली, दोन्ही बाजू एकमेकींना समांतर आहेत ना ते सपाट काचेवर घासून बघितलं, भोक मोकळं केलं, तेल खुणेवर आणलं. पेडलची मोकळी चाल आबांच्या पायाने ठरवली, पुस्तकाने नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

एवढं होईस्तोवर माझी दिवाळीची सुट्टी आणि वर चार दिवसांची रजा संपली होती. शेवटची फेरी आम्ही तिघांनी मारली. अण्णा मागे बसायला तयार होत नव्हते, कपड्यांना तेल लागलंय म्हणत होते. आबांनी हाताला धरून बसवलं. केर्लीपाशी एक म्हैस रस्त्यात आली तेव्हा खरी परीक्षा झाली. गाडी नाक जरासं खाली घालून, सरळ रेषेत, न थरथरता उभी राहिली. म्हशीने आमच्याकडे बघितलं आणि सावकाश गेली.

"सोळाला काय?" अण्णांनी मागून विचारलं.

"काही नाही," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "किंचित गुदगुल्या होतात हाताला."

"त्यो उजवा ड्रम. त्या तीन थाऊच्या गुदगुल्या ऱ्हाऊ देत."

परत आल्यावर अण्णांनी डावा ड्रम पुन्हा एकदा उतरवून घेतला, मला वाटलं काही राहिलं. त्यांनी इलेक्ट्रिक पेन्सिल काढली आणि आतल्या फ्लँजवर, जिथे लेथवर चढवणाऱ्याला दिसल्याशिवाय राहणार नाही अशा जागी, भोकाचं माप आणि तारीख कोरली. खाली जागा उरली होती. जरा विचार करून त्यांनी तिथे जाडजूड अक्षरांत लिहिलं: 'चकात धरू नये'.